सावडीतले अर्धे माणूस

ज्या शिक्षणाला आज अभियांत्रिकी म्हणतात आणि आम्ही तेव्हा नुसते इंजिनेरी म्हणत असू, त्यासाठी कोणकोणत्या विद्यापीठांकडे अर्ज करावेत, हा प्रश्न घेऊन लोणावळ्याचे आणि आसपासच्या मावळातले विद्यार्थी खांबेटे मास्तरांच्या ओसरीवर येत. इंटर सायन्सचा निकाल लागला की काही दिवस ही वर्दळ चाले. येणाऱ्याच्या हातात बहुधा दोन-तीन माहितीपत्रके असत, आणि ती सगळी वाचूनही आपल्याला काही कळलेले नाही, असा भाव तोंडावर असे. मास्तर ती पत्रके घेत, न उघडता शेजारी पालथी ठेवीत आणि विचारीत, "मोडलेलं काय बघवत नाही तुला?"

विद्यार्थी गोंधळून जाई. त्याने पाठ करून आणलेल्या उत्तरांत हे उत्तर नसे. मास्तर घाई करीत नसत. अडकित्त्याने सुपारी कातरीत बसत. अखेर कोणी म्हणे, बंद पडलेले घड्याळ. कोणी म्हणे, खंडाळ्याच्या रस्त्यावरची खचलेली मोरी. घड्याळवाल्याला ते यंत्रांकडे वळवीत, मोरीवाल्याला बांधकामाकडे. "आधी विषय, मग गाव," हा त्यांचा क्रम होता. मुले, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे वडील, आधी गाव ठरवून येत. त्यामुळे बैठकीचा बराचसा भाग हा क्रम उलटा करण्यातच जाई.

एकदा एका वकिलांचा मुलगा या प्रश्नाला म्हणाला, "गाताना मोडलेला सूर." मास्तरांनी अडकित्ता खाली ठेवला आणि इंजिनेरीचा एकही अर्ज करू नकोस, असे त्याला बजावले. वकीलसाहेब पुढे वर्षभर मास्तर समोरून दिसले की छत्री आडवी धरीत. मुलाने मात्र अर्ज केला, तो चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाला आणि पूल बांधू लागला. मास्तर ही हकीगत नंतर येणाऱ्या प्रत्येकाला आपण होऊन सांगत. "माझा सल्ला एकदा साफ चुकलेला आहे. तेव्हा ऐकायचं, पण जपून ऐकायचं."

मी त्याच शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवीत असे. मास्तर गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. ते वयाने माझ्याहून बरेच मोठे होते. पण शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि ते मला "भाषावाले" म्हणून हाक मारीत. गळाबंद कोट, काळी टोपी, आणि उन्हाळ्यातही हाती छत्री. कोटाच्या उजव्या खिशात खडूचे तुकडे असत. त्यामुळे तो खिसा कायम पांढरा दिसे. उत्तरपत्रिका तपासताना त्यांचा एक शेरा ठरलेला होता. एखाद्या मुलाने विचारलेले सोडून दुसरेच काही बिनचूक लिहिले, तर ते तांबड्या शाईने लिहीत : "उत्तर शुद्ध. प्रश्न दुसरा." गुण शून्य देत; पण उत्तर शुद्ध आहे हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

त्यांनी स्वतः इंजिनेरीचे एकही कॉलेज आतून पाहिलेले नव्हते. ते गणिताचे पदवीधर. पुण्याच्या पलीकडे फारसे गेलेले नाहीत. मग काशीच्या वसतिगृहात जेवण कसे असते, बंगळूरला प्रयोगशाळेत मुलांना किती वेळ मिळतो, कराचीला मराठी मुले किती आहेत, हे त्यांना कसे ठाऊक असे? याचे उत्तर लोणावळ्याच्या स्टेशनात होते. मुंबईकडून येणाऱ्या गाडीला घाट चढवण्यासाठी मागून जोडलेली इंजिने लोणावळ्यास सोडवीत. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक इथे तपासून पाहत. त्यामुळे मोठ्या गाड्याही येथे काही मिनिटे थांबत. प्रवासी तेवढ्यात चिक्की घेत आणि मास्तर तेवढ्यात माहिती घेत. सुट्टीनंतर कॉलेजे उघडण्याच्या दिवसांत ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यांबाहेरून चालत जात. खिडकीत टी-स्क्वेअर किंवा आराखड्याची नळी दिसली की थांबत, नमस्कार करीत आणि तीन प्रश्न विचारीत. यंत्राला हात लावू देतात का? वसतिगृहात पाणी कसे आहे? आणि नापास झालेल्या मुलाशी प्राध्यापक कसे बोलतात?

तिसऱ्या प्रश्नावर त्यांचा सगळा भर असे. "पास झालेला प्रत्येक जण आपल्या कॉलेजाचं कौतुकच करतो, भाषावाले. कॉलेज कळतं ते नापास झालेल्याकडून." त्यासाठी त्यांना नापास झालेला विद्यार्थी हवा असे, आणि तो चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. एकदा मी बरोबर असताना त्यांनी एका रुबाबदार तरुणाला सरळ विचारले, "आपण नापास कधी झाला होतात?" तो तरुण इतका संतापला की त्याने खिडकीची झडप खाली ओढली. मास्तर शांतपणे उभे राहिले. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि डबा पुढे सरकू लागला तशी ती झडप थोडी वर झाली. आतून आवाज आला, "दोनदा! पण माणसं चांगली आहेत!" मास्तर टोपी काढून हसले. त्या वर्षी त्यांनी दोन विद्यार्थ्यांना ते कॉलेज सुचवले.

अर्ज किती करावेत, याविषयीही त्यांचा नियम होता. एक मनाचा, एक भरवशाचा आणि एक परक्या मुलखाचा. पहिले दोन सर्वांना पटत. तिसऱ्याला पालक हरकत घेत. मास्तर म्हणत, "जिथे तुमच्या बापाचं नाव कोणाला ठाऊक नाही, तिथे एक अर्ज असू द्या. तिथे जायलाच हवं असं नाही. पण जाता येईल एवढं तरी मुलाला कळू द्या."

आता सोपान वाळुंजाची हकीगत सांगितली पाहिजे. कारण मास्तर मला आठवतात ते मुख्यतः तिच्यामुळे. सोपान कामशेतजवळच्या वडिवळ्याचा. मॅट्रिकपर्यंत आमच्या शाळेत होता. पुढे पुण्यास राहून त्याने इंटर सायन्सला पहिला वर्ग मिळवला. निकालानंतर तो ओसरीवर आला तेव्हा मीही तिथे होतो. मास्तरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. 

"मोडल्यालं न्हाई, मास्तर," सोपान म्हणाला. "आमच्या भातखाचरांच्या कडंनं रेल्वेची तार जाते. त्या तारंवर गाडी पळती. आनि तारंखाली आमच्या घरात राकेलची चिमणी. त्ये बघवत न्हाई."

मास्तरांनी त्याला सुपारी देऊ केली. विद्यार्थ्याला सुपारी देताना मी त्यांना त्या एकाच वेळी पाहिले.

विषय ठरला : वीज. गावही लवकर ठरले. विजेच्या शिक्षणासाठी मास्तरांच्या मते काशी उत्तम. गेली काही वर्षे खिडक्यांतून त्यांना तेच ऐकू येत होते. म्हणजे सोपानचा मनाचा अर्ज आणि परक्या मुलखाचा अर्ज एकच होत होता, आणि याचा मास्तरांना फार आनंद झाला. परंतु सोपान म्हणाला, "आबा म्हंत्यात, पुण्याचा एकच अर्ज कर. दुसरा करायचा न्हाई." अर्जाची मुदत संपायला आठवडाभर होता. मास्तर म्हणाले, "रविवारी मी येतो."

त्या रविवारी आम्ही दोघे कामशेतला उतरून वडिवळ्यास चालत गेलो. मास्तरांनी काखेत शाळेचा हिंदुस्थानचा नकाशा घेतला होता. वाटेत ते मला आबांच्या संभाव्य हरकती क्रमाने सांगत होते : अंतर, खर्च, जेवण, परकी भाषा, आणि मुलगा परत येईल की नाही याची भीती. प्रत्येकीचे उत्तर त्यांनी तयार केले होते.

दत्तूआबा वाळुंज अंगणात बाजेवर बसले होते. बैलाने पाडल्यापासून त्यांना कमरेतून वाकता येत नसे. शेजारी तुकारामभाऊ म्हणून एक उंच गृहस्थ होते. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपे लावण्याच्या, दिवसांत कोणाच्या खाचरात कधी जायचे, हे गावात तेच ठरवीत. मास्तरांनी नकाशा भिंतीला टांगला आणि बोलायला सुरुवात केली. कुठे गाडी बदलायची, किती दिवस लागतात, शिष्यवृत्ती कशी मिळते, काशीत भाकरी मिळत नाही पण पोळी मिळते, तिथे आधीच शिकत असलेली मराठी मुले कोणती. वर्गात ते इतके चांगले बोलल्याचे मला आठवत नाही. सोपानची आई, भागूमावशी, दारात येऊन उभी राहिली. शेजारचे दोघेतिघे जमले. मास्तर थांबले तेव्हा सगळे आबांकडे पाहू लागले.

आबा म्हणाले, "समदं बराबर हाय, मास्तर. पर आवणीला कोन?"

मास्तरांना प्रश्न कळला नाही. मलाही नाही. तुकारामभाऊंनी तो समजावून सांगितला. वडिवळ्यात आवणी सावडीने होते. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या खाचरात भाताची रोपे लावायची, उद्या दुसऱ्याच्या. ज्या घराने जितकी माणसे दुसऱ्याकडे पाठवली, तितकीच त्या घराच्या खाचरात येतात. आबांच्या घरची दोन माणसे सावडीत होती : भागूमावशी आणि सोपान. कॉलेज पुण्याचे असले, तर सोपान सुट्टी काढून आवणीपुरता येऊ शकत होता. काशीहून येणे शक्य नव्हते. दोनाचे एक माणूस झाले, तर अर्ध्या खाचरांत रोप लागणार नाही. तरव्यात, म्हणजे पेरलेल्या वाफ्यातच, मोठे होऊन वाया जाईल. मजूर लावावे, तर त्या दिवसांत प्रत्येक हात सावडीत गुंतलेला असतो.

मास्तर नकाशाजवळ उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "भाषावाले, उत्तर शुद्ध. प्रश्न दुसरा."

मग त्यांनी नकाशा उतरवला, गुंडाळला, आबांच्या समोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "सोपानच्या जागी मी आलो तर चालेल का?"

मग भागूमावशी पदर तोंडाला लावून हसली, आणि तिच्यामागून सगळेच हसले.

"मास्तर, चिखल गुडघ्याएवढा असतोय," एक जण म्हणाला. "धोतर हितं, मास्तर कुटं, अशी गत व्हईल."

"धोतर खोचता येतं मला," मास्तर म्हणाले.

"वाकावं लागतंय सांजपातुर."

"वाकेन."

तुकारामभाऊ मात्र हसले नव्हते. ते मास्तरांच्या हातांकडे पाहत होते. "त्ये काय हाय, मास्तर," ते म्हणाले, "सावडीत माणूस म्हंजी राबनारं माणूस. तुमी मोठं, तुमचा मान हाय. पर दुसऱ्याच्या खाचरात तुमी किती लावनार, त्येबी बघाया पायजे. न्हाईतर बाकीच्यांवर अन्याव."

"अगदी बरोबर," मास्तर म्हणाले. न्यायाचा प्रश्न निघाला की ते लगेच सावध होत. "मग मला किती धरता?"

तुकारामभाऊंनी विचार केला. "अर्दं."

"आणि उरलेलं अर्धं?"

"त्ये सोपान फेडंल की. सुट्टीत यील तवा भात झोडाया, नायतर बांध घालाया. कसं, दत्तूआबा?"

आबांनी मुलाकडे पाहिले. सोपान भिंतीला टेकून उभा होता. अखेर आबा म्हणाले, "मास्तर सोता चिखलात उतरतोय म्हनतोय. आता न्हाई कसं म्हनू? कर बाबा अर्ज." आणि मग मास्तरांना म्हणाले, "पर न चुकता या बरं का. न्हाईतर माजी लाज जाईल."

सोपानने दोन अर्ज केले. काशीचे उत्तर आले आणि जुलैच्या आरंभी तो गेला. त्याच आठवड्यात मास्तर मुख्याध्यापकांपुढे रजेचा अर्ज घेऊन उभे राहिले. मुख्याध्यापकांनी कारण वाचले आणि चष्मा काढला.

"भाताची आवणी? खांबेटे, तुमची शेती आहे?"

"वडिवळ्यास आहे."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

रजा मिळाली. त्यांचे तास मी घेतले. भूमितीच्या तासाला मी व्याकरण शिकवले आणि मुलांनी ते सहन केले. एका सुट्टीच्या दिवशी न राहवून मी वडिवळ्यास गेलो. मास्तर गुडघाभर पाण्यात होते. पाठीवर पळसाच्या पानांचे इरले होते, धोतर खोचलेले होते आणि टोपी मात्र जागच्या जागी होती. खाचराच्या दोन बांधांना त्यांनी सुतळी ताणून बांधली होती आणि तिच्या कडेने ते एकेक रोप टोचीत होते. त्यांची ओळ फुटपट्टीने आखल्यासारखी सरळ होती; पण इतरांच्या तीन ओळी होईपर्यंत त्यांची एक होत होती.

आवणी करणारा मागे मागे सरत जातो, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांना सांगायला हवे. पुढे रोप लावायचे आणि एक पाऊल मागे यायचे. म्हणजे जो मंद असतो, तो रांगेच्या पुढे एकटा उरतो. मास्तर तसे एकटे उरले होते.

"मास्तर, लय पुढं ऱ्हायला!" भागूमावशी ओरडली. "म्हागं या, म्हागं!"

"येतो, मावशी."

"आनि ती सुतळी सोडा आदी. भात सरळ उगवंल म्हनून कुनी जास्ती खानार न्हाई."

सगळी रांग हसली. मास्तरही हसले, पण सुतळी त्यांनी त्या वर्षी सोडली नाही. परतताना गाडीत त्यांना पाठ टेकवता येत नव्हती. मी विचारले, "फार दुखतं का?" ते म्हणाले, "दुखतं. पण एक गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं मुलांना मी वेळेवर अर्ज करा म्हणून ओरडत आलो. कोणाच्या घरी त्या वेळी काय चाललेलं असतं, ते कधी विचारलं नाही."

तेव्हापासून ओसरीवर येणाऱ्या मुलांना विचारायच्या गोष्टींत आणखी एक भर पडली. मोडलेले काय बघवत नाही, हे विचारून झाले की ते विचारीत, "तू गेलास तर घरी कुठलं काम अडेल?" त्याचे उत्तर मिळाल्यावरच ते माहितीपत्रके सुलटी करून उघडीत. बंगळूरला जाऊ पाहणाऱ्या एका मुलाचा अर्ज त्यांनी या उत्तरानंतर पुण्याला वळवला. त्याच्या आईला दिसत नव्हते. दुसऱ्या एकाच्या बाबतीत त्यांनी त्याच्या धाकट्या भावाला सुट्टीभर घरी बोलावून म्हशीची धार काढायला शिकवले. धार काढायला ते स्वतः कोठे शिकले, हे मी विचारले नाही.

वडिवळ्यास ते दरवर्षी जात राहिले. दुसऱ्या वर्षी सुतळी घरी राहिली आणि तुकारामभाऊंनी त्यांना पाऊण धरले. तिसऱ्या वर्षी शाळेने मास्तरांना उपमुख्याध्यापक केले. ती बातमी मला कारकुनाकडून कळली. पण त्याच जुलैत एका संध्याकाळी मास्तर चिखलाने माखलेली धोतराची किनार घेऊन थेट माझ्या घरी आले, उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, "भाषावाले, यंदा तुकारामभाऊंनी मला पुरं धरलं." माझ्या पत्नीने त्यांना गूळ दिला. तो त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला.

सोपान सुट्ट्यांत येई, भात झोडी, बांध घाली आणि राहिलेले फेडी. यथाकाळ त्याला पदवी मिळाली आणि मध्य प्रांतातल्या एका वीजघरात नोकरी लागली. नोकरी लागल्यावर त्याने मास्तरांना भेटून सांगितले की आता आबांची शेती अर्धलीने, निम्म्या पिकाच्या बोलीवर, दुसऱ्याला द्यायचे ठरत आहे, तेव्हा मास्तरांनी यापुढे कष्ट घेऊ नयेत. मास्तर म्हणाले, "ठरलं की बघू. औंदाची सावड धरून झाली आहे." 'औंदा' हा शब्द ते केव्हापासून वापरू लागले होते, ते मला सांगता येणार नाही.

त्याच वर्षी जुलैत मला साताऱ्याकडच्या एका शाळेत जागा मिळाली. सामान बांधून झाले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मास्तर निरोप द्यायला आले.

"उद्या स्टेशनवर येता येणार नाही, भाषावाले," ते म्हणाले. "तुकारामभाऊंच्या खाचरात आहे. सावड मोडता येत नाही."

मला थोडे वाईट वाटले, हे खरे. गाड्यांसाठी इतकी वर्षे त्या फलाटावर उभा राहिलेला माणूस माझ्या गाडीला नसणार होता.

दुसऱ्या दिवशी गाडी लोणावळ्याहून निघाली, मळवली गेले आणि कामशेत येण्याआधी मी खिडकीशी जाऊन बसलो. पावसाची झड थोडी उघडली होती. विजेच्या खांबांच्या मागे खाचरे सरकत होती, आणि एका मोठ्या खाचरात इरल्यांची लांब रांग दिसली. गाडी जवळ येताच ती रांग नेहमीप्रमाणे उठली. बायकांनी कमरेवर हात ठेवले, कोणी हात हलवला. भागूमावशीला मी ओळखले.

एक पाठ मात्र उठली नाही. काळ्या टोपीवर इरले होते, आणि टोपीचा माणूस वाकलेलाच होता. रांग त्याच्याहून दोन हात मागे सरली होती. तिला गाठण्यासाठी तो भराभर रोपे लावीत मागे येत होता, आणि शेजारून गाडी जात होती, याकडे त्याचे लक्ष नव्हते.